डोंगरावर न्यायचा कॅमेरा

"हलू नका," तो तिसऱ्यांदा म्हणाला, आणि मी तिसऱ्यांदा हलले.

यात माझा काही दोष नव्हता. २००६ सालचा एप्रिल, शिरूरच्या एसटी स्टँडसमोरचा एवढासा स्टुडिओ, तोंडावर दोन भगभगीत दिवे आणि अंगावर आईची जरीची साडी. पावडर घामाबरोबर मानेपर्यंत उतरली होती. त्यात हा फोटो मला काढायचाच नव्हता! दौंडचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा रेल्वेत, राहायला क्वार्टर. सोपानमामा फोटो घेऊन जाणार, त्या लोकांना पसंत पडला की ते मला बघायला येणार… नुसत्या विचारानंच माझ्या पायांना मुंग्या येत होत्या.

"बस चुकतीय का तुमची?" त्यानं कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं.

"बस न्हाई, रेल्वे. नऊ मेची, दौंडवरनं. हिमालयात निघालीय मी, ट्रेकला."

"फोटोत असं तोंड केलं, तर लोकं म्हणतील पोरगी खरंच हिमालयात जायला निघाली."

मला खुदकन हसू आलं. तेवढ्यात त्यानं बटण दाबलं.

मी तेजश्री. सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटी तपासायचं काम करायची. कंपनीतली आम्ही सहा जणं मिळून हिमाचलात दहा दिवस चालायला जाणार होतो. आईनं आधी घर डोक्यावर घेतलं. आबा, म्हणजे माझे आजोबा हरिबा, माझ्या बाजूचे. ते शांतपणे म्हणाले, "जाऊ दे की तिला. मी न्हाई का दरसाल कोकणात जायचो?"

"तुम्ही मेंढरं घिऊन जायचा, आबा!"

"मग हिला पण द्या चार."

आबांची मेंढरं माझ्या जन्माआधीच विकली गेली. घर शेतीवर आलं, एका जागी बसलं. पण आबांच्या पायातली भिंगरी बहुतेक माझ्या वाटणीला आली असावी. शेवटी आईनं सौदा केला. महिनाअखेरपर्यंत फोटो मामांच्या हातात पडला तरच मी जायचं. नाहीतर तिकीट रद्द.

म्हणून मी त्या दिव्यांसमोर उभी होते. फोटो झाल्यावर पदरानं तोंड पुसत बाहेर आले आणि काचेच्या कपाटात मांडलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांपाशी अडखळले.

"डोंगरावर न्यायला यातला कुठला बरा?" मी विचारलं.

तो स्टुडिओवाला, नवनाथ नाव त्याचं. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या चपलांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "यातला एकबी न्हाई," म्हणाला. "हे लग्नाबिग्नातले. गुरुवारी या. पुण्यातनं दाखवायला आणून ठेवतो. फोटोबी तवाच मिळंल."

गुरुवारी माझी सुट्टी असायची. ते त्याला कसं कळलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

पहिल्या गुरुवारी त्यानं एक काळाकभिन्न कॅमेरा माझ्या हातात ठेवला. हात खाली गेला.

"केवढं वजन हे! पाठीवर अकरा किलोची सॅक आसणार माझ्या."

"मग साबण अर्धा कापून न्या."

"आंघोळच करायची न्हाई, आसं ठरलंय आमचं."

"बरंय. फोटोत वास येत न्हाई."

इतकं सरळ तोंड ठेवून बोलायचा की हसावं की रागवावं कळायचं नाही. मी दुसरा उचलला. "ह्यात आठ मेगापिक्सल हायेत, त्यात पाच. म्हंजी हाच चांगला ना?"

"मेगापिक्सल वाढवल्यानं डोंगर मोठा व्हत न्हाई. फ्लेक्स लावायचाय का हिमालयाचा, शिरूरच्या चौकात?"

"आणि हा झूम?"

"तो खोटा. फोटो नुसता ताणतो. खरा झूम भिंगाचा…" असं म्हणत त्यानं भिंग पुढे सरकवून दाखवलं. दाखवताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. दोघांनीही हात मागे घेतला, आणि कॅमेरा पडता पडता राहिला.

दौंडच्या स्थळाला पाठवायचा फोटो झाला का, असं विचारलं तर म्हणाला, "तुमचे डोळे मिटलेत वो त्यात. दुसरा काढावा लागंल."

मी पुन्हा दिव्यांसमोर उभी राहिले. आईला सांगितलं, डोळे मिटले होते. आई म्हणाली, "झोपली हुतीस का उभ्या उभ्या?"

दुसरा गुरुवार यायला आठवडा लागतो, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. कंपनीत सुटे भाग मोजताना आकडे चुकायला लागले. घरी आले की उगाच गच्चीवर चढायची, उतरायची. ट्रेकची तयारी चालली आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

दुसऱ्या गुरुवारचा कॅमेरा हलका होता, खिशात मावेल असा. मी खूश. नवनाथनंच मान हलवली. "ह्याची बॅटरी स्वतःची, चार्ज करायची. वर लाईट कुठनं आणणार? दोन दिसांत मान टाकंल. तुम्हाला पेन्सिल सेलवर चालणारा पायजे. सेल काय, कुठल्याबी टपरीवर मिळत्यात." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आन् थंडीत सेल लवकर उतरत्यात. सॅकमध्ये नका ठेवू. आतल्या खिशात ठेवायचे, अंगाजवळ. उबेला ऱ्हायले तर टिकत्यात."

"तुम्ही गेलाय कवा बर्फात?"

"न्हाई. पुस्तक वाचलं… परवा."

माझ्यासाठी वाचलं का, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. त्याऐवजी मी फोटोचं विचारलं. तो म्हणाला, "प्रिंट बिघडली. तोंड निळं आलंय." निळ्या तोंडाची मुलगी रेल्वेवाल्यांना नको असणार, हे मलाही पटलं.

तिसऱ्या गुरुवारी मात्र पंचाईत झाली. त्यानं आणलेला कॅमेरा एकदम बरोबर होता. वजनाला हलका, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. उन्हात मागचा पडदा दिसला नाही तर डोळा लावून बघायला छोटी खिडकीही होती. मी तो उलटसुलट केला. बटणं दाबली, झाकण उघडलं, मिटलं. नाही म्हणायला काहीच सापडेना… आणि हो म्हटलं तर पुढच्या गुरुवारी यायचं कशाला?

"रंग आवडला न्हाई," मी म्हणाले.

"चंदेरी?"

"काळा बघा."

"बघतो की," तो म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचं हसू डोळ्यांतून ओठांवर उतरलं. "पुढल्या गुरुवारी."

"आणि फोटो?"

"लॅबवाल्याची मशीन बंद हाय."

आता महिना संपायला पाच दिवस उरले होते. आईनं तिकीट स्वतःच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. मंगळवारी वीज नव्हती म्हणून कंपनी लवकर सुटली, तशी मी एसटीतून उतरून तडक स्टुडिओत गेले. नवनाथ लग्नाच्या ऑर्डरला गेला होता. गल्ल्यावर त्याची आई, साखरबाई, पंखा हलवत बसली होती.

"तेजश्रीचा फोटो व्हय? आगं, हे काय!" तिनं खण उघडून पाकीट काढलं. "कवाचे तयार हायत. तीन आठवडे झालं आसतील. कुणाची गं तू?"

मी आबांचं नाव सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "हरिबांची नात? आगं, आमचे सासरे आन् हरिबा एकाच वाटंनं मेंढरं न्यायचे कोकणात!"

ती आणखी बरंच बोलली. मला ऐकू येत नव्हतं. पाकिटात तीन फोटो होते. डोळे उघडे, तोंड निळं नाही. पहिल्या दिवशी हसले होते तोच क्षण. इतकी बरी मी याआधी कुठल्याच फोटोत दिसले नव्हते.

माझं तिकीट ट्रंकेत अडकलं होतं, आणि हा माणूस फोटो दाबून बसला होता! राग आला. खूप राग आला. आणि रागाच्या पोटात काहीतरी गोड गोड हलत होतं, त्याचा आणखीच राग आला. खरं तर पाकीट उचलून घरी जायचं, एवढंच काम होतं. पण मी ते परत तिच्या हातात दिलं. "राहू द्या, मावशी. गुरुवारी नेते. मी आल्ते म्हणून सांगू नका." मला तो फोटो त्याच्याच हातून हवा होता, किंवा त्यानं तो का ठेवला, ते त्याच्या तोंडून हवं होतं.

गुरुवारी मी कॅमेऱ्याकडे बघितलंही नाही. "फोटो," म्हणाले.

"ते काय झालं…"

"आई म्हणती, या महिन्यात फोटो मिळाला न्हाई तर तिकीट रद्द. फोटो न्हाई तर हिमालय न्हाई."

त्याचा चेहराच पडला. "हे तुम्ही आधी का न्हाई सांगितलं?" आणि पुढच्याच क्षणी त्यानं खण उघडून पाकीट माझ्यासमोर ठेवलं. काही कारण नाही, काही बहाणा नाही. "तयार हायत. चूक माझी. घिऊन जा लगीच."

मी वाट बघत उभी राहिले. तो पुढे काही बोलेल, थांबवेल… काहीतरी. त्यानं नुसती मान खाली घातली.

इतक्या सहज दिला? म्हणजे तीन आठवडे मीच वेडी होते की काय? मी पाकीट उचललं.

"कॅमेरा… काळा मिळाला न्हाई, पण…"

"नको मला. बिनकॅमेऱ्याचा डोंगर काय दिसत न्हाई व्हय?" असं म्हणून मी बाहेर पडले आणि भर उन्हात घरापर्यंत चालत गेले.

फोटो दौंडला गेला. पसंत पडला. न पडायला काय झालं! सोपानमामा पेढे घेऊनच आले. चोवीस मेला मंडळी बघायला येणार, म्हणजे मी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी. आईनं ट्रंक उघडून तिकीट माझ्या हातात दिलं. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मला घास गिळवत नव्हता. आबा म्हणाले, "चालायला लागलीस की बरं वाटंल." चालायला लागले की बरं वाटेल, यावर मी नऊ दिवस काढले.

नऊ मेला दुपारच्या एसटीनं मी एकटीच दौंडला गेले. बाकीचे पाच जण पुण्याहूनच गाडीत बसून येणार होते. आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे, मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला जोडतात, आणि गाडी वीसेक मिनिटं उभी राहते. गाडी आली. मी सॅक बर्थवर टाकली, खिडकीशी बसले, उठले, दारात आले, पुन्हा आत गेले. कंपनीतली सोनम म्हणाली, "बस ना एका जागी! आत्तापासूनच चालतीयस का?"

तिसऱ्यांदा दारात आले तर प्लॅटफॉर्मवरून नवनाथ एकेक डबा बघत येत होता. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, हातात एक खोका.

मी खाली उतरले. त्यानं खोका पुढं केला. पलीकडं इंजिन एकटंच दुसऱ्या रुळावरून निघालं होतं.

"चंदेरीच हाय," तो म्हणाला. "कार्ड टाकलंय. सेल आठ दिलेत. वापरून बघा, न्हाई आवडला तर परत करा."

"कशाला आलात?"

"गिऱ्हाइकाला माल पोचवायला."

"आसं? मग पोचला माल. जा आता."

तो गेला नाही. मीही चढले नाही.

"फोटो का ठिवला हुता?" मी विचारलं.

"तुम्हाला म्हाईतीय."

"मला ऐकायचंय."

"दौंडला जाऊ नये म्हणून," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "मला तुम्ही आवडता, तेजश्री. पहिल्या दिशी हसलात ना… तवापासनं. दुसरं काय सांगू?"

"मग दिला कशाला? एवढ्या पटकन?"

"तुमचा हिमालय आडला आसता की! मला काय ठावं, त्या फोटोपायी तुमचं जाणं थांबलंय. तुम्ही दर गुरुवारी कॅमेरा हातात धरून बर्फाचं बोलायचा… ते मी कसं मोडू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. आयुष्यात माझ्या जाण्याची काळजी करणारा, आबा सोडून, हा पहिलाच माणूस होता. बाकी सगळे माझ्या थांबण्याची काळजी करत आले होते.

"मला चंदेरी रंग आवडतो," मी म्हणाले. "तवाच आवडला हुता."

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो असा हसला की शेजारचा हमालसुद्धा वळून बघायला लागला.

डब्यांना धक्का बसला. इंजिन जोडलं गेलं. सोनम दारातून हाका मारत होती.

"चोवीसला ते लोक येणार हायेत," मी घाईघाईनं सांगितलं. "मी तेविसाला परत येते. त्या दिवशी या तुम्ही. स्टेशनवर नको, आमच्या घरी. आईला घिऊन."

"तेविसाला कशाला? उद्याच जातो."

"उद्या? आन् मी?"

"तुमचं काय काम?" गाडी हलली होती, तो सोबत चालायला लागला. "तुम्हाला किती जणांनी बघायचं? उद्या तुमच्या घरच्यांनी मला बघावं! मी चा घेतो, पोहे खातो, मान खाली घालून बसतो!"

मी चढले. गाडीनं वेग घेतला, तसा तो पळायला लागला. दाराच्या दांड्याला धरून, जिवाच्या आकांतानं मी ओरडले, "चा नको! आबांना चा पिणारा माणूस आवडत न्हाई. दूध मागा, दूध!"

ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पण प्लॅटफॉर्म संपला तिथं उभा राहून तो कितीतरी वेळ मान डोलावत होता.