खाम्पानची फुंकर

हे खरं आहे. हसायचं त्यांनी हसावं. पण माझ्या मावसबहिणीला, बुआलायला, त्या दुपारबद्दल विचारू नका.

थायलंडमधल्या उबोनजवळचं आमचं गाव. भातलावणीचे दिवस. बुआलायच्या सहा वर्षांच्या पोरीच्या, फाईलिनच्या, डोळ्यात चिखल उडाला. चार दिवसांत पापणी काळीनिळी पडली. डोळा उघडेना. अंगात सणसणून ताप.

आणि बुआलायने पोरीला नेलं कुठे? खाम्पानकडे!

खाम्पान म्हणजे आमचा फुंकरवाला वैद्य. विडा चघळायचा, मंत्र पुटपुटायचा आणि सुजेवर लाल थुंकी उडवायची. एवढंच शहाणपण, पण तोरा केवढा!

"हॉस्पिटल म्हणे! एकदा सुई टोचली की माझा मंत्र गेला. मग माझ्या दारात रडत यायचं नाही."

"नाही बाबा, तुम्हीच फुंका."

त्याने फुंकर मारली.

...शेजारून आणखी एक फुंकर ऐकू आली.

ओसरीवर तिघांशिवाय कुणी नव्हतं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"बाबा, कोण आहे?"

"कोण असणार? वारा." त्याने पुन्हा फुंकर मारली.

...पुन्हा तीच. ओली. अगदी जवळून.

"आई," फाईलिन म्हणाली, "आजी या वैद्यबाबांच्या डोळ्यात का फुंकतेय?"

आजी, म्हणजे बुआलायची सासू, मागच्या लावणीत गेली होती. अशाच डोळ्याने. खाम्पानच्याच औषधावर.

"गप गं कार्टे!" तो ओरडला. पण हात स्वतःच्या डाव्या डोळ्यावर गेला होता.

बुआलायने पोरीला उचललं आणि शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "मातीतला जंतू आहे हा! डोळ्याभोवतीचं मांस सडतंय, आणि तू फुंकून घेत बसलीस?"

पोर वाचली. डोळा गेला.

पाचव्या दिवशी खाम्पानलाच तिथे आणलं. डावा डोळा सुजून बंद. तोच जंतू... आणि गुडघेदुखीमुळे त्याने दहा वर्षं शेतात पाय ठेवला नव्हता. सुईला शिव्या घालणारा बाबा आता सुईसाठी नर्सचे पाय धरत होता. दोन दिवसांत गेला. मला तरी कीव आली नाही.

बुआलायलाही आली नसती. पण सासू "मला हॉस्पिटलात ने गं" म्हणत धडपडत होती, तेव्हा तिचे हात घट्ट धरून तिला खाम्पानसमोर बसवलं होतं ते बुआलायनेच.

हल्ली भर दुपारी, वारा नसताना, ती काम करता करता थांबते... आणि डावा डोळा पुसते.

"काय झालं गं?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. ओलं लागलं काहीतरी."

मी परत विचारलं नाही.