चौसष्ट ठोके

वसतिगृहाच्या भिंतीवरच्या पडद्यावर सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांची नोंद होती : शलाका हिवरे, हृदयाचे ठोके मिनिटाला चौसष्ट, प्रकृती शांत.

त्याच वेळी शलाका न्हाणीघरात कडी लावून धापा टाकत होती. "रेवा, श्वास येत नाहीये. मी मरतेय गं!"

तिची दहा वर्षांची धाकटी बहीण रेवा कालच ताईकडे राहायला आली होती. ताईची तोंडी परीक्षा आज दहा वाजता होती. ती चुकली की वर्ष वाया. रेवा जिन्याकडे धावली. ठोके वाढलेल्या विद्यार्थिनींना मदत करणारा समू नावाचा यंत्रमानव तिथे उभा असे.

"ताई ओरडतेय, चल ना!"

"तिच्या ठोके मोजणाऱ्या मनगटपट्टीनुसार ती झोपल्यासारखी आहे," समू म्हणाला. मग थबकला. "आणखी चौघींचे ठोकेही नेमके चौसष्टच. हे शक्य नाही."

रेवाची नजर जिन्याखाली गेली. वसतिगृहाचा कुत्रा भुरा गाढ झोपला होता. त्याच्या पायात पाच मनगटपट्ट्या होत्या.

"ठोके वाढले की तू घरी निरोप पाठवतोस ना? बाबांना कळू नये म्हणून पट्ट्या याच्या पायात! काय पण हुशार मुली!" रेवा रडकुंडीला आली.

समूने दाराबाहेरून हाका मारल्यावर बऱ्याच वेळाने कडी निघाली. त्याने आधी शलाकाचं हृदय तपासलं. ठोके एकशे अडतीस, ताल ठीक.

"तू मरत नाहीयेस," तो म्हणाला. "मेंदूत अमिग्डाला (धोक्याची घंटा वाजवणारा बदामाएवढा भाग) असतो. वाघ आणि परीक्षक यांतला फरक त्याला चटकन कळत नाही. घंटा वाजली की ॲड्रेनलिन (शरीराला पळायला तयार करणारं रसायन) रक्तात उतरतं. ठोके वाढतात, हात कापतात. ही लाट आहे. चढते, ओसरते."

"बंद कर ना ती!" रेवा म्हणाली.

"बटण नाही. पण श्वास सावकाश सोडला की व्हेगस चेता (मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी नस) हृदयाचा वेग कमी करते. चार आकडे आत, सहा बाहेर. तू मोज."

रेवा मोजू लागली. ताईचे ठोके एकशे तीस. एकशे अठरा. नऊ वाजून बेचाळीस.

"नक्की भीती कशाची?" समूने विचारलं.

"पहिल्याच प्रश्नाला अडकले तर?"

"अडकलीस तर काय करशील?"

"एक मिनिट मागेन... बहुतेक."

"झालं. ताण मोठा वाटला की पुढची एकच पायरी ठरवायची. आणि ताण लपवला की मदत वाट चुकते. घरच्या निरोपाआधी विद्यार्थिनीला विचारावं, अशी विनंती मी आजच विद्यापीठाला करतो."

दहा वाजता परीक्षेच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराबाहेर रेवा उभी होती. आत पहिला प्रश्न झाला.

"सर, एक मिनिट द्याल?"

"घ्या की."

मिनिट संपता संपेना. मग ताईचा आवाज आला, कापरा. उत्तर बरोबर होतं की चूक, रेवाला कळलं नाही. परीक्षकांनी दुसरा प्रश्न विचारला. या वेळी ताईने मिनिट मागितलं नाही; लगेच बोलू लागली.