जुनं मॉडेल, नवी बॅटरी

शिवगंगाला त्या दुकानात जायचंच नव्हतं. तिला गाठायचं होतं चौकापलीकडचं मोठं शोरूम. पण श्रावणातली सर अशी तिरपी आली, की बीडच्या सुभाष रोडवर जे पहिलं दार उघडं दिसलं, त्यातून ती पिशवी छातीशी धरून आत घुसली. काउंटरमागं उभ्या असलेल्या तरुणाच्या खांद्यावरचा टॉवेल तिनं सरळ मागून घेतला आणि पिशवीतली सीडी पुसायला लागली.

तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, “ओढणी भिजलीय तुमची...”

“ओढणी वाळती. सीडी बिघडली तर माझं पोट बिघडतं,” ती म्हणाली, आणि मग तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. उंच, सावळा, हसताना ओठाची एकच बाजू वर जाणारा. दुकानात मांडलेल्या संगणकांकडं तिचं लक्ष त्याच्यानंतर गेलं.

शिवगंगा ही चौसाळ्याच्या चन्नप्पा कापडवाल्यांची थोरली लेक. बी.ए. झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत तिनं मराठी टायपिंगचं काम सुरू केलं होतं. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांच्या प्रश्नपत्रिका... आणि आता, दोन हजार सातच्या त्या पावसाळ्यात, बीडच्या एका छापखान्यानं तिला दहावीचं अख्खं गाईड दिलं होतं. तीनशे पानं. पोळ्याच्या आत पहिली शंभर दिली न्हाईत तर काम औरंगाबादला पाठवू, असं छापखानेवाले स्वच्छ बोलले होते. पण चौसाळ्याला दिवसातले दहा तास लाईट नसायची. घरचा संगणक नुसता देवासारखा बसलेला. म्हणून लॅपटॉप घ्यायचा, असं तिनं ठरवलं, आणि एकदा तिनं ठरवलं की तिचे अप्पासुद्धा मधे पडत नसत.

दुकानात दोन लॅपटॉप होते. एक गेल्या वर्षीचं मॉडेल — जाड, काळं, किंमत उतरवलेलं. दुसरं महिन्यापूर्वी आलेलं — पातळ, रुपेरी, उघडलं की आरशासारखं चकाकणारं. त्या तरुणानं, बसवेशनं, दोन्ही पुढं ठेवले आणि मालकांनी पाठ करून घेतलेलं सगळं म्हणून दाखवलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

“झालं? आता दोन्हींची वायर काढा. माझी ही मराठी टायपिंगची सीडी दोन्हींत टाका. एकावर मी बसते, एकावर तुमी बसा. बॅटरी संपेस्तोवर टाईप करायचं.”

“मी?” बसवेश म्हणाला. “मला दोन बोटांनीच येतं हो.”

“मग दोन बोटांनी करा. बॅटरीला काय, बोटं मोजता येतात का?”

तिनं हातातल्या बांगड्या उतरवून काउंटरवर ठेवल्या आणि जुन्या मॉडेलवर गाईडचं पान उघडलं. त्यानं त्या बांगड्या उचलून, कुणाचा धक्का लागू नये अशा जागी, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या. तिनं ते तिरक्या नजरेनं पाहिलं.

बाहेर पाऊस रेंगाळत होता. आत दोन मशीनांचा आवाज — एक सरसर चाललेला, दुसरा थांबत थांबत. मधूनमधून बसवेश एखादं अक्षर कुठं आहे ते विचारायचा आणि ती न बघता बोट दाखवायची. तो माजलगावचा; वडील लहानपणीच गेलेले, घरी आई, सावित्रीबाई. हे तिनं विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. तिच्यासाठी लातूरचं एक स्थळ आलं होतं आणि ‘लग्नानंतर टायपिंगबियपिंग बंद’ म्हणाल्यावर तिनं ते चहासकट परत पाठवलं होतं. हे त्यानं विचारलं नव्हतं, आणि ती कधी कुणाला सांगतही नव्हती. त्याला मात्र सांगून बसली.

“काय टाईप करू आता? शब्दच संपले,” तो म्हणाला.

“माझं नाव करा.”

त्यानं मन लावून, एकेक अक्षर शोधत, तिचं नाव टाईप केलं. पडद्यावर उमटलं — शविगंगा.

दोघंही वाकून बघत राहिले. त्यानं पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच. नव्या मशीनवर प्रत्येक पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसत होती.

“लई भारी मशीन हाय तुमचं,” शिवगंगा म्हणाली. “माझ्यातल्या शिवाचं शव केलं त्यानं.”

बसवेश हसला, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. आणि तेवढ्यात तिच्यापुढचं जुनं मॉडेल चुळबुळलं, आणि बंद पडलं. जेमतेम सव्वा तास. वर्षभर खोक्यात पडून त्याची बॅटरी म्हातारी झाली होती. नवं मात्र साडेतीन तास चाललं — सगळ्या वेलांट्या चुकवत.

एवढ्यात दुकानाचे मालक राधाकिशन शेठ जेवून आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि जुनंच घ्या म्हणून तिला गळ घातली. वर्षभर अडकलेला माल. निघाला तर बरंच होतं. शिवगंगाचीही चलबिचल झाली. पोळा पंधरा दिवसांवर होता, आणि सव्वा तास तर सव्वा तास, काहीच नसण्यापेक्षा...

“आज कुठलंच घेऊ नका,” बसवेश म्हणाला.

शेठ त्याच्याकडं बघतच राहिले. तो मात्र तिच्याकडंच बघून बोलत होता. जुन्याला ताजी बॅटरी मिळाली तर तिचं काम त्याच्यावर होईल. नव्यावर तिची सीडी चालेल की न्हाई, त्याला आज सांगता येत न्हाई. आणि जे सांगता येत न्हाई, ते तो विकणार न्हाई. चार दिवस द्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

“चार दिवस म्हणजे माझी चाळीस पानं,” ती म्हणाली.

“माहीत हाय. म्हणून तर तीन मागितले न्हाईत. खोटं पडलं असतं.”

त्या उत्तरावर ती हसली, बांगड्या मागून घेतल्या आणि फोन नंबर लिहून दिला. शेठ दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच त्याला औरंगाबादच्या एका व्यापाऱ्याचा पत्ता काढून दिला.

रोज संध्याकाळी बसवेशचा फोन येऊ लागला. पहिल्या दिवशी तो फक्त बॅटरीबद्दल बोलला. दुसऱ्या दिवशी बॅटरीबद्दल दोन मिनिटं बोलला आणि नंतर तिची किती पानं झाली, आज लाईट किती वेळ होती, जेवलात का, हे विचारत बसला. तिसऱ्या दिवशी फोन सातला यायचा तो साडेसातला आला, तर त्या अर्ध्या तासात शिवगंगानं एकाच पानात नऊ चुका केल्या. तिच्या हातून इतक्या चुका कधी होत नसत. तिनं त्या दुरुस्त केल्या आणि स्वतःशीच मान्य करून टाकलं — हे नुसतं बॅटरीचं काम राहिलेलं न्हाई.

सोमवारी त्याची सुट्टी. पहाटेच्या गाडीनं तो औरंगाबादला गेला, बॅटरी घेतली, बीडला उतरून लॅपटॉप उचलला आणि दुपारी चारला चौसाळ्याच्या फाट्यावर उतरला. कापडदुकानाच्या पायरीवर चप्पल काढून त्यानं “शरणार्थ, अप्पा” असा लिंगायती नमस्कार केला, तेव्हा चन्नप्पांनी कापडाचा ताका बाजूला ठेवून त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं, आणि आत नेलं.

लाईट नव्हतीच. शिवगंगानं बॅटरी बसवली, सीडी टाकली आणि कामाला लागली. बसवेश समोरच्या खुर्चीवर पाण्याचा पेला धरून बसला. श्रावणी सोमवार, उपास त्याचाही, तिचाही. पाव तास, अर्धा तास... मग तो तिला हस्तलिखित वाचून दाखवू लागला. तो वाचायचा, ती टाईप करायची. त्याचं वाक्य संपायच्या आत तिची बोटं तिथं पोचलेली असायची. पावणेतीन तासांनी पडद्यावर बॅटरी संपत आल्याची पहिली सूचना आली, तेव्हा सव्वीस पानं झाली होती. इतकी तर तिला दोन दिवसांत होत नव्हती.

“हेच घेते,” ती म्हणाली. “जुनंच.”

“पक्कं?”

“मी ठरवलं की पक्कंच असतं.”

चन्नप्पांनी त्याला उपास सोडायला बसवून घेतलं. भाकरी, दोडक्याची भाजी आणि दूध झाल्यावर तो निघाला. बीडची गाडी साडेआठला होती. फाटा चार पावलांवर. शिवगंगा त्याला पोचवायला निघाली, आणि अप्पांनी मागून नुसता कंदील पुढं केला.

रस्त्याकडेच्या तुरीवर नुकताच पाऊस पडून गेला होता.

“एक विचारू?” ती म्हणाली. “बॅटरी पार्सलनं आली असती. शेठनं गाडीत टाकून लॅपटॉप पाठवला असता. तुमी कावून आलात?”

बसवेश थांबला. कंदिलाच्या उजेडात त्याच्या ओठाची ती एक बाजू थोडी वर गेली... आणि परत खाली आली.

“तुमाला बघायला,” तो म्हणाला. “त्या दिवशी तुमी गेलात, तवापासून दुकानात माझं मन लागत न्हाई. गिऱ्हाईक एक विचारतं, मी भलतंच सांगतो. मला तुमी लई आवडता, शिवगंगा. काम करताना तर अजूनच.”

तिनं कंदील या हातातून त्या हातात घेतला. पण आवाज तिचाच राहिला, सरळ.

“काम मी सोडणार न्हाई.”

“सोडू नका. मी वाचून दाखवीन की रोज.”

लांबून गाडीचे दिवे दिसले. त्यानं घाईघाईनं विचारलं, “पुढच्या सोमवारी येऊ का?”

“सोमवारी नका. रविवारी या,” ती म्हणाली. “रविवारी अप्पा दुपारनंतर घरीच असतात. आणि एकटे येऊ नका... आईंना घेऊन या.”

त्याला कळायला क्षणभर लागलं. कळलं तेव्हा कंडक्टरनं दोनदा हाक मारली होती. धावत्या गाडीच्या दारात उभा राहून तो वळून बघत राहिला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तीही तिथून हलली नाही.

घरी आल्यावर ती थेट अप्पांपुढं जाऊन उभी राहिली. रविवारी पाहुणे येणार आहेत, आणि मी त्यांना हो म्हणणार आहे, असं तिनं सांगितलं.

चन्नप्पा तंबाखूची चिमूट तळहातावर मळत राहिले. “मलाबी वाटलंच होतं,” ते म्हणाले. “एक बॅटरी बसवायला माणूस पाच तास लावत न्हाई.”

शिवगंगा लाजली — त्या घरात कित्येक वर्षांत पहिल्यांदाच. मग ओढणी सावरून खोलीत गेली, बांगड्या उतरवल्या आणि पुढचं पान उघडलं. रविवारच्या आत तिला बरंच काम उरकायचं होतं.