दार वाजवा

तिला वाटलं होतं, दवाखान्याच्या फाटकाशीच तो चालवणाऱ्या मोठ्या बाई उभ्या असतील. भेटली ती बाईंची तसबीर, औषधांच्या खिडकीवर टांगलेली.

सहा वर्षं दूरदेशी सर्व्हर सांभाळण्याचं शिक्षण घेऊन, तिथल्या बऱ्या नोकरीला नाही म्हणून ती आली होती ती बाईंच्या एका ईमेलवर. याच वर्षी मार्चमध्ये तिनं त्यांना लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘या. इथं काम आहे. खोली तयार ठेवते.’ एवढ्यावर तिनं तिकीट काढलं. बाई गेल्याचं इथं येऊन कळलं. कधी, कशा, हे विचारायला तिची जीभ रेटली नाही. खोली मात्र खरंच तयार होती. फरशी पुसलेली, दिवा नवा.

चौथ्या दिवशी दुपारी नवे डॉक्टर यंत्रखोलीत आले. दवाखान्याची पत्रं वाहणारा जुना युनिक्स सर्व्हर तिथं घरघरत असायचा आणि त्याला सांभाळणारे मामा शेजारी पेंगत असायचे.

“वॉर्डातल्या शिंपीणबाईंचं उद्या आठला ऑपरेशन आहे,” डॉक्टर म्हणाले. “मागं एकदा भुलीच्या औषधानं त्या मरता मरता वाचल्या. कोणतं औषध, ते त्यांना आठवत नाही. मोठ्या बाईंना सगळं लिहून कळवलं होतं म्हणतात. कागद वाळवीनं खाल्ले. उरली बाईंची मेलबॉक्स, आणि ती उघडत नाही.”

“दहा मिनिटं द्या,” ती उत्साहानं म्हणाली.

“द्या, द्या,” मामा डोळे न उघडता पुटपुटले. “मी दहा महिने दिलेत.”

तिनं आधी परवानग्या तपासल्या. पत्रांची पेटी बाईंच्या नावावर, सगळं जिथल्या तिथं. मग तिला पेटीशेजारी एक बारीकशी फाइल दिसली आणि ती हसली. कुणी पेटी उघडून बसलं की यंत्र शेजारी कुलूप म्हणून अशी फाइल ठेवतं, दुसऱ्यानं त्याच वेळी हात घालू नये म्हणून. माणूस उठला की कुलूप जातं. कधी यंत्र मध्येच बंद पडलं तर ते तसंच राहतं, एवढंच.

तिनं कुलूप पुसलं. पेटी उघडायला गेली, तर कुलूप पुन्हा हजर. वेळ आत्ताची.

पुन्हा पुसलं. पुन्हा आलं.

सर्वाधिकार वापरून तिनं पेटीची थेट प्रत काढली. प्रत कोरी निघाली. भीतीहून कुतूहल मोठं होतं. तिनं कुलपाच्या आत डोकावलं. कोणत्या टर्मिनलवरून पेटी उघडली आहे, ते तिथं लिहिलेलं असतं. सात.

“मामा, सात नंबर कुठलं?”

मामांचे डोळे उघडले. “बाईंच्या खोलीतलं.”

ती खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. दारावर लाकडी पाटी होती: ‘आत वाचन चालू आहे. दार वाजवा.’ मामांनी किल्ली फिरवली. आत कापूस आणि स्पिरिटचा शिळा वास. टेबलावर टर्मिनल, पडद्यावर धूळ. त्याची तार तिनं हातानं चाचपत नेली. ती भिंतीपाशीच कापलेली होती, टोकाला चिकटपट्टी.

“मीच कापली,” मामा हळूच म्हणाले. “गेल्या वर्षी जुलैत. बाई गेल्या त्याच आठवड्यात. तेव्हापासून त्यांची पेटी कुणालाच उघडता आलेली नाही.”



“जुलैत? मामा... मग या मार्चमध्ये मला उत्तर कुणी दिलं?”

“कुठून आलं?”

“याच पेटीतून...”

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “ताई, तुम्ही शिकल्यासवरलेल्या. पण बाई पत्रं वाचत असल्या की आम्ही कधी आत घुसायचो नाही. मंत्री आला तरी दार वाजवायचा. तुम्ही मघापासून कुलूप तोडताय.”

“मग काय करू?”

“वाजवा की दार.”

ती यंत्रखोलीत परतली. दुसऱ्या टर्मिनलवर बसलेल्या माणसाला एक ओळ पाठवायची सोय युनिक्समध्ये जुनीच आहे. सातवर कुणी नाही, हे तिनं आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तिनं टाइप केलं: ‘बाई, शिंपीणबाईंचं उद्या ऑपरेशन आहे. भुलीचं कोणतं औषध चालत नाही?’

पंखा घरघरत राहिला.

कुलूप गेलं.

पेटी अलगद उघडली. दहा महिन्यांची पत्रं, शेकड्यांनी, आणि सगळी वाचलेली. फक्त एक न वाचलेलं म्हणून वेगळं काढून सर्वांत वर ठेवलेलं होतं. दोन वर्षांपूर्वीचं. शिंपीणबाईंचं. तिसऱ्या ओळीत औषधाचं नाव.

ते ऐकून डॉक्टर पडद्यापाशी आले, नाव स्वतः वाचलं. “सकाळी हेच देणार होतो मी...”

ते गेल्यावर तिनं पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. तिला आलेलं उत्तर तिथं होतं, मार्चमधलं. त्याच्या वर, शेवटचं, तीच तीन वाक्यं आणखी एका अनोळखी पत्त्यावर गेलेली होती. वेळ पाहिली. आजचीच, अर्ध्या तासापूर्वीची. ती पहिल्यांदा कुलूप पुसत होती तेव्हाची.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ऑपरेशन नीट पार पडल्याचा निरोप आला. पाठोपाठ डॉक्टरांची चिठ्ठी: ‘काम झालं. बाईंचं जुनं खातं आता काढून टाका.’

तिनं आज्ञा टाइप केली. बोट शेवटच्या बटणावर होतं, तेवढ्यात मामा दारात आले.

“ताई, तुमच्या शेजारची खोली तुम्ही पुसलीत का? फरशी ओली आहे अजून. दिवाही नवा लावलाय...”

तिनं टाइप केलेलं एकेक अक्षर मागं घेत पुसून टाकलं. मग उठून व्हरांड्याच्या टोकाला गेली, बाईंच्या दारावरची पाटी काढली आणि यंत्रखोलीच्या दारावर, डॉक्टरांना जाता-येता दिसेल अशा उंचीवर, खिळा ठोकून लावली.