लाट मिटेपर्यंत

त्या रविवारी दुपारी मी केबलला सोल्डर मारून आणायला गेलो होतो, एवढंच. बेस गिटारपासून अँपपर्यंत जाणारी केबल. पायात येऊन येऊन तिची पिन आतून निखळली होती आणि मी जरा हललो की अँप खरखरायचा. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने पंधरा मिनिटं लावली आणि वर विचारलं, "तुमचं ते चार तारांचं कुणाला ऐकू येतं का हो?"

मी हसलो. बेसवाल्याला हे हसू जमवावंच लागतं. गाणं ऐकणाऱ्याला गिटार ऐकू येते, ड्रम ऐकू येतो, गाणारी तर दिसतेही. बेस थांबला की मात्र गाण्याच्या पायाखालचं काहीतरी निघून जातं, आणि काय गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. मला ते आवडायचं. नाव नको, टाळ्या नकोत, पण गाणं आपल्यावर उभं आहे. तेविसाव्या वर्षी माणसाला असलं काहीतरी पुरतं.

आमचा बँड चौघांचा. ड्रमवर आमचे सर, शाळेत गणित शिकवायचे. गिटारवर चष्मेवाला, म्हणजे खरोखरच चष्म्यांच्या दुकानात काम करणारा. बेसवर मी. आणि गायला माझी ताई. लग्नसमारंभात वाजवायचं नाही, दुसऱ्यांची गाणी वाजवायची नाहीत, असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. पाच वर्षांत ताईने सहा गाणी लिहिली होती. सहाच, पण आमची. एका छापखान्याच्या तळघरात दर रविवारी आमची तालीम व्हायची. तळघराला खिडकी नव्हती. भर दुपारीही एक पिवळा दिवा लावावा लागे, आणि शाईचा, ओल्या कागदाचा वास कपड्यांत घरापर्यंत यायचा.

मी केबल खिशात घालून जिना उतरलो तेव्हा सर आणि चष्मेवाला अजून यायचे होते. ताई एकटीच होती. खोक्यावर बसून, पाय खाली सोडून, डोळे मिटून गात होती.

खोकं म्हणजे माझ्या बेसच्या स्पीकरचं लाकडी कॅबिनेट. कंबरेएवढं उंच, आत परातीएवढा एकच स्पीकर. ते आमचं नव्हतं. आधी तिथे वाजवणाऱ्या पोरांनी ठेवलेलं होतं. "न्यायला येतो म्हणाले, आलेच नाहीत," छापखान्याचे मालक म्हणाले होते. "वापरा तुम्ही."

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबलो, कारण ताई सुरात गात होती.

हे तुम्हाला नीट सांगायला हवं. ताईचे कान चालले होते. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. आधी गिऱ्हाइकाला दोनदा विचारायची, मग तीनदा, मग मालकाने तिला आतल्या खोलीत डबे मोजायला बसवलं. डॉक्टरांनी कागदावर एक उतरती रेघ काढून दाखवली. वरचे सूर आधी जातील, खालचे सगळ्यात शेवटी. यंत्राचा फार उपयोग होणार नाही. सहा महिने, कदाचित कमी.

घरी येताना ती रिक्षात मोठमोठ्याने हसली होती. "म्हणजे शेवटपर्यंत मला तुझंच ऐकू येणार! अख्खं जग गप्प, आणि हा मेला आपला ढुम ढुम करतोय."

मग तिने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. "सहा गाणी रेकॉर्ड करायची. मी ऐकू शकतेय तोवर. मग काय व्हायचं ते होऊ दे."

पण आवाज आणि कान वेगळे राहत नाहीत. तिचा सूर सुटायला लागला होता. गिटार तिला ऐकूच यायची नाही. म्हणून ती खोक्यावर बसायची. बेसचा सूर पाठीच्या मण्यांतून घ्यायची. तरीही दर दोन ओळींनी घसरायची, आणि आमचे चेहरे बघून तिला ते कळायचं. ते सगळ्यात वाईट होतं.

आणि त्या दुपारी ती एकही सूर न चुकता अख्खं कडवं गात होती.

तिने डोळे उघडले. मला पाहिलं, मग स्टँडवरच्या माझ्या गिटारकडे पाहिलं.

"अरे... तू तिथे कसा? आत्ता वाजवत होतास ना?"

मी खिशातून केबल काढून तिला दाखवली.

अँपचा लाल दिवा चालू होता. चालू अँप गुणगुणतो, त्यात नवल नाही. मी खोक्यापाशी गेलो आणि जाळीतून बोटं घालून स्पीकरच्या कागदावर ठेवली. कागद हलत होता. गुणगुण अशी नसते. बोटांखाली एक सूर होता, जाड, गोल, शांतपणे धरून ठेवलेला. मला जवळजवळ ऐकू येत नव्हता. तापलेल्या धुळीचा वास येत होता.

"थांबवू नकोस," ताई म्हणाली. "काहीही असू दे. थांबवू नकोस."

मी थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी मी लवकर गेलो. अँप बंद केला. अँपपासून खोक्याकडे जाणारी वायर उपसून हातात घेतली, दोन्ही टोकं नीट पाहिली. मग स्पीकरवर बोटं ठेवली.

कागद हलत होता.

तेव्हाच जिना चढून वर जायचं, दाराला कुलूप घालायचं आणि किल्ली मालकांना द्यायची. तुम्ही हेच म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल. पण डॉक्टरांच्या रेघेत उरलेला प्रत्येक रविवार मी मोजत होतो. घरी आई ताईशी ओरडून बोलायला लागली होती आणि मग मोरीत जाऊन रडायची. भूत असेल, नाहीतर विजेचा काही खेळ असेल. ताईला सूर मिळतोय ना? मला धीर कधीच नव्हता. जे चालतंय ते चालू दे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि सरांना, चष्मेवाल्याला काहीच सांगितलं नाही.

ताईची गाणी एकामागून एक सुधारत गेली. सर एकदा काठ्या खाली ठेवून चष्मा पुसत बसले. "हिला झालंय काय?" एवढंच म्हणाले.

फक्त एक अडचण होती. मी वाजवायला लागलो की घोंघावायचं.

दोन तारा जवळजवळ एका सुरात असल्या, पण अगदी एक नसल्या, की हवेत लाट उठते. वॉव... वॉव... वॉव. आवाज मोठा होतो, लहान होतो. वाद्य जुळवणारा प्रत्येक जण ती लाट ऐकूनच जुळवतो. खुंटी हळूहळू पिळायची. लाट लांबत जाते, मंद होते, आणि ज्या क्षणी मिटते त्या क्षणी दोन सूर एक झालेले असतात. खोक्यातला तो सूर आता माझ्या मागोमाग फिरायचा, पण माझ्या तारेपेक्षा किंचित खाली. केसभर.

"तुझी तार चढलीये," चष्मेवाला दर वेळी म्हणायचा. "का खोकं फाटलंय? काहीतरी कर बाबा. रेकॉर्डिंगमध्ये हे येऊन चालणार नाही."

रेकॉर्डिंग त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठरलं. चष्मेवाल्याने दुकानातून सुट्टी काढून आदल्या दिवशीच माईक आणून लावले होते. सकाळी दहाला सुरू केलं. अकरा वाजेपर्यंत पहिलं गाणं चार वेळा झालं आणि चारही वेळा वाया गेलं. ताई अचूक होती. लाट मात्र सगळीकडे पसरली होती, गढूळ पाण्यासारखी.

"चहा पिऊन येतो," सर म्हणाले. "तोवर तुझं ते भोंगं नीट कर."

ते दोघे वर गेले. मी गिटार मांडीवर घेतली आणि खुंटीला हात घातला.

ताई खोक्यावर बसली होती. त्या आठवड्यात तिचे कान फारच उतरले होते. मी समोर उभा राहून सावकाश बोललो तरच तिला ओठांवरून कळायचं. पण माझी बोटं खुंटीवर गेलेली तिने पाहिली.

"नको," ती म्हणाली.

मी मान वर केली.

"ती लाट राहू दे ना. मला दोन ऐकू येतात रे. एक तू, आणि एक... ते. सारखेच वाजता तुम्ही. तुझं कुठलं आणि त्याचं कुठलं, ते मला त्या लाटेमुळेच कळतं." ती ओशाळल्यासारखी हसली. "वेडी वाटतेय ना मी?"

"ताई, चार टेक वाया गेलेत," मी ओठ ठळक हलवत म्हणालो. "आज नाही झालं तर होणारच नाही. आजचा दिवस फक्त."

ती खालच्या ओठाला दात लावून माझ्या हाताकडे बघत राहिली.

मी तार छेडली आणि खुंटी सैल करायला लागलो. वॉव, वॉव, वॉव. केसभर सैल. वॉव... वॉव. अजून थोडी. लाट लांबली. एकदा वर आली... बराच वेळ गेला... पुन्हा वर आली. माझ्या छातीच्या फासळ्यांत ती जाणवत होती, जणू समोरून कुणी माझ्याच श्वासाशी श्वास जुळवत होतं. मी खुंटीला शेवटचा जरासा हिसका दिला.

लाट मिटली.

तळघर एकदम स्वच्छ झालं. दुसरे शब्दच नाहीत. मी तारेवर तळवा ठेवून ती बंद केली, आणि सूर तसाच चालू राहिला. पण आता तो माझा होता. माझ्या बोटाचा तोच जरा बोथट ठोका, तारेवर नख घासल्याची माझीच सवय. ताईने डोळे मिटले. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती म्हणाली, "आता एकच आहे."

सर आणि चष्मेवाला परत आले. दुपारी चारपर्यंत सहाही गाणी झाली. इतकं चांगलं आम्ही कधीच वाजवलं नव्हतं. सर शेवटच्या गाण्यानंतर ताईच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले, मग लाजले, आणि "खडू झिजवण्यात जन्म गेला बघ, आज काहीतरी झालं," असं काहीतरी बडबडत ड्रमचे सुटे भाग उचलून वर नेऊ लागले. चष्मेवाला त्यांच्या मागून माईकच्या पेट्या घेऊन गेला. दोघेही टेम्पोत सामान लावायला गेले.

मी अँप बंद केला. गिटार पिशवीत भरली, चेन ओढली.

"ताई, चल."

ती खोक्यावर बसूनच होती. पाठीमागून बोललेलं तिला कळत नाही हे लक्षात येऊन मी समोर गेलो. ती माझ्याकडे बघत नव्हती. मान जराशी कलती करून, ओठांवर हसू ठेवून ती ऐकत होती.

"हो रे," ती म्हणाली. "किती स्पष्ट बोलतोयस आज. एकही शब्द तुटत नाहीये."

माझं तोंड बंद होतं.

"आठवतं तर!" ती खुदकन हसली. "आईला अजून माहीत नाही ती कपबशी कुणी फोडली ते. तुझी शपथ, मी कधी सांगितलं नाही."

ती कपबशी मी सहा वर्षांचा असताना फोडली होती. हे जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी पुढे होऊन तिचं मनगट धरलं आणि ओढलं. ती दचकली, माझ्या ओठांकडे पाहायला लागली, मग गोंधळून म्हणाली, "अरे, आत्ता तूच म्हणालास ना... अजून थोडं बस म्हणून?"

"मी नाही म्हणालो!" मी ओरडलो. तळघरात माझा आवाज घुमला. तिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही. ती माझे ओठ वाचायचा प्रयत्न करत होती, पण माझे ओठ थरथरत होते, आणि मधेच तिची नजर सुटून पुन्हा त्या ऐकण्याकडे जात होती.

मी जमिनीवरचा गाण्याचा एक कागद उचलला. चष्मेवाल्याचं पेन तिथेच पडलं होतं. कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं: ताई, मी काहीच बोललो नाही. ऐकू येतोय तो मी नाही. मी तुझ्यासमोर उभा आहे. आत्ता घरी चल.

तिने कागद हातात घेतला. पिवळ्या दिव्याकडे धरून सावकाश वाचला. पुन्हा एकदा वाचला. वरून टेम्पोचा हॉर्न वाजला. सर घाई करत होते.

मग तिने मान पुन्हा कलती केली. बराच वेळ ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. मी पुन्हा धरायला गेलेलं मनगट तिने झटकन मागे घेतलं, खाली लोंबणारे पाय वर ओढून पोटाशी धरले, आणि जितकं मागे सरकता येईल तितकी मागे सरकली. डोळे माझ्यावरच होते. अशा डोळ्यांनी तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"हो..." ती अगदी हळू म्हणाली. माझ्याशी नाही. "पण दिसायला अगदी तुझ्यासारखा आहे रे."