काकीच्या झाडाखालचा माईक

"याला चारा काय घालता?"

मी दचकून वळले. स्टँडवरच्या माझ्या माईकला वाऱ्यासाठी काळं केसाळ टोपरं घातलेलं होतं, आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवलेला एक तरुण त्याच्याकडे अगदी गंभीरपणे बघत होता.

"विमानं," मी म्हणाले. "दिवसाला दोनशे."

"मग आमच्याकडेच ठेवा. उपाशी मरायचं नाही!"

तो तात्सुकी. गल्लीतल्या कुरामोची तोफूवाल्यांचा मुलगा. आणि मी मिओरी इनागाकी, विमानतळासाठी आवाजाचे नकाशे काढणारी. विमान किती जड, किती उंच, कुठे वळतं हे सगळं संगणकात घालायचं आणि कोणत्या घरावर किती आवाज पडेल याचं भाकीत करायचं. मग ऑगस्टात सात दिवस माईक लावून ते ताडून बघायचं. बासष्ट डेसिबलची एक रेघ निघते. रेघेच्या आतल्या घरांना विमानतळाच्या खर्चानं दुहेरी काचांच्या खिडक्या मिळतात. बाहेरच्यांना काही नाही.

माईक लावायची जागा ठरली होती त्यांच्या माडीवर, कपडे वाळत घालतात तिथे. उघड्यावर, झाडापासून लांब.

"वर भाजून निघाल," तात्सुकीनं परसातल्या काकी नावाच्या जपानी फळझाडाखाली खुर्ची मांडली. "इथे सावली आहे, खुर्ची आहे, मी आहे... म्हणजे, अधूनमधून."

नवशिक्यांना मीच शिकवते, झाड म्हणजे माईकचा शत्रू. आणि मी, मी माईक झाडाखाली लावला.

ते सात दिवस! त्या गावची एक सवय आहे. विमान आलं की सगळ्यांची तोंडं मिटतात, आणि गेलं की जिथे सोडलं त्याच शब्दापासून बोलणं पुढे सुरू होतं.

"काल दिवसभर मी तुमचा—"

विमान. बारा सेकंद. माझे कान तापलेले.

"—विचार करत होतो, की तुम्हाला तोफू गार आवडतो की तळलेला."

"एवढ्यासाठी दिवसभर?"

"अवघड प्रश्न आहे हो!"

माईक गुंडाळून नेला तरी मी दर शनिवारी दोन गाड्या बदलून तोफू आणायला जाऊ लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. माझ्या फ्रिजमध्ये तोफूशिवाय काही उरलं नव्हतं.

ऑफिसात मात्र आकडे जुळेनात. संगणक म्हणे साडेबासष्ट, माईक म्हणे एकसष्ट.

"इनागाकी-सान, खरं कोणाचं मानायचं?" आमचे साहेब होसाका-सान यांनी विचारलं.

"माईकचं," मी मान ताठ करून म्हणाले. "माईक अंदाज करत नाही, ऐकतो."

संगणकाचं गणित खाली ओढलं गेलं. रेघ सरकून बरोब्बर गल्लीच्या मधून गेली. समोरच्या धोब्याला खिडक्या, कुरामोचींना नाही.

फेब्रुवारीत नकाशा समाजमंदिरात लागला. तात्सुकीचे वडील सोयाबीन दळायला पहाटे दोनला उठतात, म्हणून संध्याकाळी सातला अंथरुणात असतात. विमानांची खरी गर्दी सातनंतरची. नकाशासमोर ते बराच वेळ उभे राहिले.

"रेघ शिकल्यासवरल्या माणसांनी काढलीय," ते मला म्हणाले. "बरोबरच असणार."

शिवी दिली असती तरी परवडलं असतं. दुसऱ्या दिवशी मी ऑगस्टचं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा आकडे न बघता ऐकलं, आणि तोंडचं पाणी पळालं. सेमी! खोडाला चिकटून दिवसभर कर्कश ओरडणारे ते किडे. आजूबाजूच्या आवाजापेक्षा विमान दहा डेसिबलनं वर आलं नाही, तर यंत्र ते विमान मोजतच नाही. झाडावर सेमींचा असा कल्लोळ होता की तिसरा हिस्सा विमानं आलीच नाहीत असं यंत्रानं धरलं होतं. संगणक खरा होता. खोटा होता माझा माईक.

होसाका-सानना सांगितलं. त्यांनी अहवालाची फाईल पुढे ओढली. मग म्हणाले, "ऑगस्टात पुन्हा मोजू. दुसरं कोणीतरी जाईल." अहवालात 'माईकची जागा बदलण्याचं कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'कडक ऊन.' ते लिहितानाही लाज वाटली. आणि ते खोटं होतं याची त्याहून जास्त.

शनिवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तात्सुकीचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते. मी सगळं सांगितलं. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

"म्हणजे खिडक्या मिळायला हव्या होत्या?"

"हो."

"आणि आता आणखी एक वर्ष?"

"हो."

"पण झाड म्हणजे शत्रू, हे तूच मला सांगितलं होतंस ना? मग झाडाखाली का लावलास?"

विमान आलं. बारा सेकंद. 'ऊन' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. विमान गेलं.

"खुर्ची तिथे होती म्हणून," मी म्हणाले. "खुर्चीशेजारी तू येऊन बसायचास म्हणून... तुझ्या बाबांच्या झोपेपेक्षा मला ते मोठं वाटलं. मला तू आवडतोस, तात्सुकी, आणि हे असं सांगावं लागतंय."

आतला पडदा सरकला. त्याचे वडील! मी कमरेत वाकले ती वाकलेलीच राहिले.

"वर्षाची झोप घालवलीस, पोरी."

"हो."

"लगेच माफ करणार नाही."

"हो."

"आणि तू रे?" ते मुलाकडे वळले. "खुर्ची कोणी मांडली?"

"मी, बाबा."

"मग उद्यापासून दोनला तू ऊठ. मी सकाळपर्यंत झोपतो. खिडक्या लागेपर्यंत!" पडदा पडला.

तात्सुकीनं हात पुसले. "ऐकलंस ना? आता संध्याकाळी सातला मलाच झोपायला लागणार. त्यामुळे तू—"

विमान. त्यानं माझा हात धरला. त्याची बोटं गारठलेली होती, सोयाबीनचा वास येणारी. मान वर करायचं धाडस मला होईना. हात मात्र मी सोडवून घेतला नाही.

"—सकाळी येत जा," तो म्हणाला.