स्कॉटलंडच्या आधी बारवी

“प्रज्वल, इन्व्हर्नेसवरचा पाय काढ!” बाबा ओरडले.

प्रज्वलने पाय उचलला आणि नेमका समुद्रात ठेवला. दिवाळीच्या सुट्टीचा पहिलाच दिवस होता. अंबरनाथ पश्चिमेच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात स्कॉटलंडचा नकाशा हॉलभर पसरला होता आणि चहाचे कप ठेवायलासुद्धा जागा उरली नव्हती. पाच दिवसांनी विमान होतं. तेजल, तिचा धाकटा भाऊ प्रज्वल, आई-बाबा, वेणूबाई आजी आणि आण्णा, म्हणजे आजोबा, असे सहाजण निघणार होते. एडिंबरा, मग पिटलॉक्री, इन्व्हर्नेस आणि शेवटी स्काय बेट. सगळा प्रवास गाडीने. आणि गाडी चालवणार कोण? तर आण्णा!

बाबांना स्कूटरपलीकडे काही चालवता येत नव्हतं आणि आईची मजल सायकलपर्यंतच होती. आण्णांनी मात्र विठ्ठलवाडी डेपोतून एकतीस वर्षं एसटी हाकली होती. निवृत्त झाल्यापासून ते गाडीत मागे बसून दुसऱ्यांचे ब्रेक मोजत असत. ही सहल ठरली तेव्हापासून आजोबा दहा वर्षांनी लहान झालेत असं तेजलला वाटत होतं.

“तिथले काही रस्ते एका गाडीपुरतेच आहेत,” बाबा कागद वाचत म्हणाले. “समोरून कोणी आलं तर थांबायला मधेमधे जागा केलेली आहे.”

“आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची,” आण्णा म्हणाले.

“हो! तुम्ही कुठे वाचलंत?”

“वाचायचं काय त्यात? घाटात दुसरं काय करतात?”

सगळे हसले. बाबांनी यादीवर एक टिचकी मारली. “बरं, आण्णा, लायसन्स काढून ठेवा. त्या गाडीवाल्यांना नंबर दसऱ्यालाच कळवलाय, पण तिथे अस्सल कार्ड हातात लागतं. फोनमधला फोटो चालत नाही.”

आण्णांनी कपाटातून आपला बिस्किटांचा जुना डबा आणला. त्यात पितळी बिल्ला होता, पक्कड होती, पाना होता. लायसन्स नव्हतं!

मग जी शोधाशोध झाली ती विचारू नका. गाद्या उलट्या झाल्या, फराळाचे डबे उघडले गेले, प्रज्वलने तर फ्रिजसुद्धा तपासला आणि येताना एक लाडू घेऊन आला. लायसन्स काही मिळेना.

“नीट आठवा ना, आण्णा,” बाबा वैतागून म्हणाले. “कुठे ठेवलंत?”

“दसऱ्याला पूजेत ठेवलं होतं. नंतर मी सगळं उचलून डब्यात...” आण्णा थांबले. “उचललं ना मी? आठवत नाही रे.”

“असू दे. वय झालं की होतं असं. दुसरं कार्ड निघायला इतके दिवस नाहीत. मी संध्याकाळी सहाला बसच्या सहलीचं नक्की करून टाकतो. अठ्ठेचाळीस जणांची बस आहे, तुम्ही आरामात मागे बसा.”

आण्णांनी डब्याचं झाकण लावलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. तेजल मागोमाग गेली.

“बस तर बस,” ते हळूच म्हणाले. “पण तेजू, एकतीस वर्षांत मी कधी किल्लीसुद्धा विसरलो नाही गं. आता माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही.”

आजोबांना असं बोलताना तेजलने कधी ऐकलं नव्हतं. सहा वाजायच्या आत ते लायसन्स सापडलंच पाहिजे!

शेजारचा सनी तेवढ्यात टपकला. त्याच्या पप्पांचं उल्हासनगरला दुकान होतं आणि सनीला तिथे बसायचा भारी कंटाळा यायचा. त्यामुळे सुट्टीत त्याचा मुक्काम इथेच असे.

“सिंपल है यार!” तो म्हणाला. “पूजेचे फोटो काढले असतील ना? ते बघू.”

आईच्या फोनमध्ये दोन फोटो सापडले. घरातली हत्यारं, म्हणजे आण्णांची पक्कड, पाना, बिल्ला आणि लायसन्स, पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं.

“हा सकाळचा,” तेजल म्हणाली. “लायसन्स बिल्ल्याशेजारी आहे. आणि हा संध्याकाळचा. बिल्ला तिथेच, पण लायसन्स फुलांच्या ढिगावर! मधल्या वेळात कोणीतरी ते उचललं होतं.”

“भूत?” प्रज्वलने आशेने विचारलं.

“भुताला कशाला हवं लायसन्स? नंबर कोणी कळवला त्या गाडीवाल्यांना? कधी कळवला?”

“दसऱ्याला... बाबांनी!” प्रज्वल किंचाळला.

तिघे आजीकडे धावले. वेणूबाई चकल्या तळत होत्या. “पूजेची फुलं-पानं ना? तुमच्या बाबाने, संतोषनेच कागदात गुंडाळून नेली. कानाला फोन लावलेला. मी म्हटलं होतं, बघून उचल रे!”

बाबांना विचारलं तर त्यांनी हात झटकले. “मी? शक्यच नाही! मी प्रत्येक काम यादी करून करतो. जा, खेळा जा.”

“ठीक आहे,” सनी जिना उतरताना म्हणाला. “मग पुरावाच आणू.”

खाली राजाबाई अंगण झाडत होत्या. सोसायटीची साफसफाई त्यांच्याकडेच होती. “निर्माल्य व्हय? ते कचऱ्यात नाय टाकत आपण. नवसूचा टेम्पो येतो, तो नेतो. बारवी धरणाच्या रस्त्याला वाडी आहे त्याची, तिथं खत करतो.”

एकटं एवढ्या लांब कोणी सोडणार नव्हतं. तेजलने पुन्हा आजीला गाठलं आणि कानात सगळं सांगितलं. आजीने गॅस बंद केला, पदर खोचला आणि बाबांना जाहीर केलं, “मुलांना घेऊन झेंडूची फुलं आणायला जातेय!”

“एवढ्या लांब कुठे?” असं विचारायचं बाबांना सुचलंच नाही. ते बसच्या सहलीची नवी यादी करत होते.

बदलापूरपर्यंत रिक्षा, पुढे एसटी. कंडक्टरने दोनदा घंटी ओढली आणि गाडी हलली. आजीने कौतुकाने मान डोलावली.

नवसूची वाडी डोंगराच्या पायथ्याशी होती. अंगणापुढे काळपट ढीग ओळीने लागले होते आणि एक मुलगी फावड्याने ते वरखाली करत होती. ती नवसूची नात बाळी, तेजलच्याच वयाची.

“दसऱ्याचा ढीग कुठला गं?” तेजलने विचारलं.

“आपट्याची पानं दिसतील तिथं दसरा,” बाळी म्हणाली. “दूर्वांचा ढीग गणपतीचा. तुमाला ढीग बघून कळत न्हाय?”

“नाही,” सनीने प्रामाणिकपणे कबूल केलं.

चौघांनी ढीग उकरायला सुरुवात केली. प्रज्वलला गांडूळ सापडलं, त्याने त्याचं नाव इन्व्हर्नेस ठेवलं. तासाभराने तेजलच्या हाताला ओलसर कागदाचा गोळा लागला. तो उलगडताच ती ओरडली, “हे बघा! बाबांचं अक्षर!”

कागद निम्मा कुजला होता, पण निळ्या शाईतलं वाचता येत होतं: दिवस तिसरा, पिटलॉक्री, पानं बघणे. सहलीच्या पहिल्या यादीतच बाबांनी निर्माल्य गुंडाळलं होतं! पण कागदाच्या आत फक्त पाकळ्यांचा लगदा होता. लायसन्स नव्हतंच.

घड्याळात तीन वाजले होते. तेजलचं रडू फुटायच्या बेतात होतं.

“हातपाय धुवा, पानी प्या,” आतून नवसू म्हणाले. “लई दमलात.”

सगळे आत गेले. पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना तेजलची नजर भिंतीवरच्या फळीवर गेली आणि तिला जोराचा ठसका लागला. फळीवर देवांच्या तसबिरींशेजारी एक छोटं कार्ड टेकवून ठेवलं होतं. त्यावर कुंकवाचा टिळा होता, पुढ्यात ताजा झेंडू होता आणि त्या टिळ्याखालून आण्णा गंभीरपणे बघत होते!

“अगं बाई!” आजी मटकन खाली बसल्या.

नवसूंनी हात जोडले. “तुमच्या घरचे का? निर्माल्यात आले, कपाळाला कुंकू. मला वाटलं, म्हातारा गेला, घरच्यांनी फोटो सोडला. खतात कसा टाकायचा? म्हणून फळीवर ठेवला. रोज एक फूल वाहतो.”

“पत्ता वाचलेला मी,” बाळी हळूच म्हणाली. “पन आजा बोलला, त्यांनी सोडलाय, परत नेऊन त्यांना रडवू नको.”

“अहो, गेले कसले?” आजी एकदम भानावर आल्या. “घरी बसून चहा पितायत ते!”

मग सगळ्यांत आधी नवसूच हसले आणि मग वाडीभर हसण्याचा नुसता गोंधळ उडाला. आजी हसता हसता डोळे पुसत होत्या. नवसूंनी कार्ड काढून दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिलं.

घरी पोचले तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती आणि बाबा फोन उचलतच होते.

“थांबा, बाबा!” तेजल धापा टाकत म्हणाली. तिने टेबलावर आधी लायसन्स ठेवलं आणि त्याच्या शेजारी तो कुजका कागद.

बाबांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. त्यांचे कान लाल झाले. मुलांनी सगळी हकीकत सांगितली, तेव्हा ते उठून गॅलरीत गेले.

“आण्णा,” ते म्हणाले, “तुम्ही विसरला नव्हतात. मी विसरलो होतो. आणि वर तुमच्याच वयावर ढकललं. माझं चुकलं.”

आण्णांनी लायसन्स हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. “म्हणजे माझं डोकं शाबूत आहे,” ते म्हणाले. “पोरांनो, तुम्ही मला लायसन्सपेक्षा मोठी वस्तू परत आणून दिलीत!”

मग ते एसटीच्या जुन्या आवाजात गरजले, “संतोष! या सहलीत तू कंडक्टर. सगळं सामान, सगळी माणसं मोजायची. तू दोन घंट्या दिल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही.”

“हो, आण्णा,” बाबा मुकाट्याने म्हणाले आणि यादीत सगळ्यात वर तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फराळाचे डबे घेऊन आण्णा स्वतः वाडीवर गेले. बरोबर तेजल, प्रज्वल आणि सनी होतेच. नवसूंनी आण्णांना घट्ट मिठी मारली. तेजलने बाळीला फोनमध्ये पिटलॉक्रीची तांबडी-सोनेरी झाडं दाखवली आणि तिथलं एक पान आणायचं कबूल केलं.

निघताना बाळी आण्णांसमोर येऊन उभी राहिली. तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि दरडावून सांगितलं, “गाडी सावकाश हाका, आजोबा. परत आमच्या फळीवर यायचं न्हाय!”